रशियन व्यापारी आणि आपली खिचडी

पंधराव्या शतकात रशियातील त्वेर शहरातून अफनासी निकितिन हा व्यापारी व्होल्गा नदीमार्गे निघाला. वाटेत आस्त्राखानजवळ तो लुटला गेला. सोबतचे धर्मग्रंथही गेले. इराण, होर्मुझ असा प्रवास करीत १४७०च्या सुमारास एक घोडा घेऊन तो चौल बंदरात उतरला. पुढे जुन्नर आणि बिदर येथे राहिला. हा सारा मुलूख, आपल्या वऱ्हाडासह, तेव्हा बहमनी राज्यात होता.

त्याच्या देशातले रोजचे जेवण म्हणजे राय या गव्हासारख्या धान्याचा काळपट आंबट पाव, कोबीचे 'श्ची' हे सूप, धान्य शिजवून केलेली 'काशा' आणि आंबवलेले 'क्वास' हे पेय. तिकडे लाकडी चमच्याशिवाय जेवण नसे. इकडे लोक हातपाय धुऊन, चूळ भरून, उजव्या हाताने जेवताना त्याने पाहिले. दिवसातून दोनदा जेवण. त्यात भात, तूप घातलेली खिचडी आणि पालेभाजी. घोड्यांनाही हरभरा आणि खिचडी मिळे. हे सारे त्याने बारकाईने लिहून ठेवले, पण हिंदूंचे जेवण त्याला निकृष्ट वाटले.

पोषणशास्त्राचा निर्णय वेगळा आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर मिळते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की प्रथिनांचा दर्जा वाढतो. तुपातून ऊर्जा, पालेभाजीतून फोलेट आणि लोह मिळते. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांचे गणितही हेच.

जुन्नरच्या खानाने निकितिनचा घोडा हिसकावला आणि धर्म बदलल्यास तो घोडा व हजार सुवर्णनाणी देऊ केली. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने तो सुटला. ग्रंथ गेल्याने सणांच्या तिथी कळत नव्हत्या. तरी त्याने अंदाजाने उपवास धरला. महिनाभर मांस, दूध, तूप सोडून दिवसातून दोनदा रोटी आणि पाणी, एवढेच. परमुलखात उपवास हीच त्याची ओळख उरली होती.

मायदेशी परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वह्या मात्र मॉस्कोला पोहोचल्या, म्हणून साडेपाचशे वर्षांपूर्वीचे दख्खनचे ताट आज आपल्याला दिसते. जिभेला परके वाटणारे अन्न निकस असतेच असे नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी परगावी गेलेल्यांनी तिथल्या साध्या जेवणात धान्य, डाळ आणि पालेभाजी आहे का, एवढे आधी पाहावे. चवीची सवय नंतर होते.