बर्थाबाई आणि तहानलेले इंजिन

ऑगस्ट 1888. जर्मनीतल्या मानहाइम शहरातून एक तीनचाकी मोटारगाडी भल्या सकाळी निघाली. गाडीत होत्या बर्था बेंझ आणि ओयगेन व रिचर्ड ही त्यांची दोन मुले. गाडी बनवणारे पती कार्ल यांना विचारलेही नव्हते. जायचे होते फोर्टसहाइमला, बर्थाबाईंच्या माहेरी. अंतर सुमारे 105 किलोमीटर. म्हणजे यवतमाळहून वणी गाठण्यासारखेच.

फोर्टसहाइमलाच 3 मे 1849 रोजी त्यांचा जन्म झाला. लग्नाआधीच त्यांनी आपल्या हुंड्याचा काही भाग कार्ल यांच्या कारखान्यात घातला होता. 1872 मध्ये लग्न झाले, 1886 मध्ये गाडीच्या पेटंटचा अर्ज झाला. गिऱ्हाईक मात्र मिळेना. गाडी लांबवर जाऊ शकते हे कुणीतरी दाखवायला हवे होते.

वाटेत खरी पंचाईत पाण्याची. एका सिलिंडरच्या त्या इंजिनाला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळायचे आणि वाफ होऊन उडून जायचे. आपल्याकडच्या माणसाला ही उधळपट्टी वाटेल, पण हिशेब पक्का आहे. 20 अंशांचे लिटरभर पाणी उकळीला आणायला सुमारे 80 किलोकॅलरी लागतात. त्याची पूर्ण वाफ व्हायला आणखी 540. एवढी उष्णता वाफ घेऊन जाते. माठ, कूलर आणि अंगावरचा घाम याच तत्त्वावर चालतात. घाम गेला की आपण पाणी पितो; त्या इंजिनालाही मिळेल तिथे पाणी पाजत बर्थाबाई पुढे गेल्या.

इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले, ते वीसलोखच्या औषध दुकानातून घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. घरी आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असे त्यांनी कार्लना सुचवले.

पुढे इंजिनांची ताकद वाढली तशी उष्णताही वाढली. 1901 च्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा, आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला, तेव्हा कमी पाण्यात भागू लागले. जुन्या जीपला मोठे इंजिन बसवून रेडिएटर मात्र जुनाच ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. मे महिन्यात यवतमाळचा पारा 44 वर गेला की बाहेरची हवाच तापलेली असते. लहान जाळीतून उष्णता निघणार कशी?

एका बाबतीत मात्र बर्थाबाईंचे अनुकरण नको. त्यांच्या गाडीतली वाफ मोकळी सुटत होती. आजच्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते आणि 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले, की दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर, हातांवर उडते. काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट लावू नका.

कार्ल 1929 मध्ये गेले. बर्थाबाईंचे निधन 5 मे 1944 रोजी, 95 वा वाढदिवस होऊन दोनच दिवसांनी, लाडेनबुर्ग येथे झाले. त्यांच्या त्या वाटेवर 2008 पासून त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत.