रमाबाई रानडे आणि आमच्या घरातला एक अर्ज

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलात. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणा, आणि घरात मराठी. यंदा बारावीनंतर धाकट्या बहिणीने बी.एस्सी. नर्सिंगचं नाव काढलं आणि घर एकदम गप्प झालं. मला बी.ए.साठी इतक्या लांब पाठवणाऱ्या बाबांना तिच्या रात्रपाळीची काळजी पडली. आजीला तर परक्या माणसाच्या अंगाला हात लावणंच पटेना. नेमकी तेव्हाच मी रमाबाई रानडे यांचं चरित्र वाचत होते.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, सांगली भागातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला सगळं सोसून त्या शिकत राहिल्या. पुढे मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात झालेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून वाचन केलं. त्याबद्दलही घरी बोलणी खावी लागली.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आत होत्या. विधवेने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. काही दिवस त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. मग मात्र पडल्या त्या कामासाठीच. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिवण, शिकवणं, आणि त्याचबरोबर नर्सिंग. सेवासदनच्या मुली-बायका ससून रुग्णालयात शिकायला जाऊ लागल्या. त्यांत तरुण विधवाही होत्या.

पुण्यातल्या सोवळ्या घरांना हे कसं पचणार? कुठल्याही जातीच्या रुग्णाला शिवायचं, जखमा धुवायच्या, रात्री दवाखान्यात राहायचं. आमच्या आजीची शंका तेव्हा अख्ख्या शहराची होती. रमाबाई भांडत बसल्या नाहीत. राहायची नीट सोय, शिस्त आणि पाठीशी उभी असलेली संस्था एवढं त्यांनी दिलं. घरात ओझं समजली जाणारी बाई पगार घरी आणू लागली, की हळूहळू बोलणारे थांबतात. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या, पण सेवासदन चालूच राहिलं.

त्या मुली वॉर्डातच काम करत शिकायच्या. आज हेच शिक्षण विद्यापीठात गेलं आहे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे. आमच्याकडे वारंगळचं काळोजी नारायणराव आरोग्यविज्ञान विद्यापीठ ही पदवी देतं. चार वर्षांत शरीरशास्त्र, औषधशास्त्र, गावपातळीवरचं आरोग्य. पुढे एम.एस्सी. करून शिकवताही येतं. आमच्या भागातल्या दवाखान्यात मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारे रुग्ण येतात. त्यांचं दुखणं त्यांच्या भाषेत समजणारी नर्स किती लागते, हे रांगेत उभं राहिलेल्याला विचारा!

मागच्या आठवड्यात फोनवर आजीला मी रमाबाईंची ही सगळी हकिगत सांगितली. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या विधवांना पगार मिळायचा का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. बाबा अजून काही बोलले नाहीत. पण बहीण सांगते, अर्जासाठी लागणारे दाखले त्यांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवलेत.