पिवळ्या गळ्याची चिमणी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी हातात गलोल घेतली आहे? आपल्या नामपूरच्या परिसरात कांद्याची शेते आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत, मोसम नदीचा काठ आहे. जिथे दाणा आणि पाणी, तिथे पाखरे येणारच. झाडावर पाखरू बसलेले दिसले की एखाद्या मुलाचे हात शिवशिवतात. नेम बरोबर लागेल का, हे पाहावेसे वाटते. असाच एक मुलगा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत राहत होता. त्याला नेमबाजीचा फार नाद होता. मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे, असे त्याचे स्वप्न होते. त्या मुलाचे नाव सलीम.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते घरातले सर्वांत धाकटे मूल. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी सलीम व त्याच्या भावंडांना मायेने वाढवले. खेतवाडीतले त्यांचे घर मुलांनी सदा गजबजलेले असे.

मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी शिकार हा मोठ्या घरांतला मानाचा खेळ समजला जाई. वडीलधारी माणसे मुलांना बंदूक धरायला शिकवत, रानात सोबत नेत. सलीमलाही छऱ्यांची बंदूक मिळाली. तो चिमण्या टिपू लागला. टिपलेली चिमणी हलाल करून खाल्ली जाई. यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

परंतु या मुलाची एक गोष्ट निराळी होती. तो नेम धरी, तसाच नीट पाहतही असे. एकदा घोड्यांच्या तबेल्यात त्याला चिमणीचे घरटे दिसले. मादी आत अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत होता. सलीमने नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही तसाच पहारा देऊ लागला. सलीमने त्यालाही टिपले. असे सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि प्रत्येक वेळी नवा नर त्या जागी आला. आज हे वाचताना आपल्याला वाईट वाटते. पण त्या मुलाने हा सारा प्रकार कागदावर लिहून ठेवला होता. सुमारे साठ वर्षांनी ते टिपण जसेच्या तसे छापले गेले. बंदुकीच्या नळीमागे एक अभ्यासकाचा डोळा होता, हे त्यावरून कळते.

पुढे १९०८ साली ती प्रसिद्ध घटना घडली. सलीमने नेहमीप्रमाणे एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! घरातल्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही कोणती जात? आणि अशी अनोळखी चिमणी खाणे योग्य की अयोग्य? सलीम ती घेऊन मामांकडे गेला.

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. मामांना त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला गप्प बसवले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती. तिचे सचिव मिलर्ड साहेब यांच्या नावे मामांनी एक चिठ्ठी लिहिली आणि ती देऊन सलीमला पाठवले.

इंग्रजांचे राज्य होते. एका लहान मुलाने गोऱ्या साहेबाच्या दारात मेलेली चिमणी घेऊन जायचे! सलीम घाबरतच गेला. परंतु मिलर्ड साहेबांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे सांगितले. मग त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. प्रत्येक पक्ष्याचा रंग निराळा, चोच निराळी. सलीम थक्क झाला. त्या दिवशी त्याच्यासमोर एक नवे जग उघडले. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. पुढे त्याच संस्थेत तो पक्ष्यांची कातडी टिकवून ठेवण्याची कला शिकला. पक्षी कोठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, हे अचूक लिहून ठेवण्याची सवय त्याला लागली.

सलीमचे पुढचे जीवन सरळ गेले नाही. डोकेदुखीमुळे शाळा मध्येच सुटली. १९१३ मध्ये तो मॅट्रिक झाला. नंतर घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेला, पण तिथेही मन रमले ते रानातच. १९१८ मध्ये तहमीना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काही काळ नोकरी केली. मग जर्मनीत बर्लिनला जाऊन प्राध्यापक श्ट्रेसेमान यांच्याजवळ शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले. १९३० मध्ये परत येतात तो, पैशाअभावी ती नोकरीच बंद झालेली!

दुसरा एखादा खचून गेला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते रोज तासन्‌तास सुगरणींकडे पाहत बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार सुरू होतो. मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणू लागतो. ही सारी माहिती त्यांनी जगापुढे मांडली. या कामाला बंदूक लागली नाही. लागले ते डोळे, वही आणि धीर.

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर अशा अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. या कामात तहमीना त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये त्या वारल्या. हे दुःख मोठे होते, पण काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. १९८७ मध्ये नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सलीम अलींनी बंदूक पूर्णपणे टाकली होती का? नाही. अभ्यासासाठी नमुना हवा असेल, तर ते पक्षी टिपत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. पण गरजेपुरता एक नमुना घेणे वेगळे आणि मौजेसाठी ढीग पाडणे वेगळे. राजस्थानातील भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉयच्या शिकारीत एकाच दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. तो नेमका सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे याच भरतपूरच्या पाणथळ जागेच्या रक्षणासाठी सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत शब्द टाकला. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे. त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात. सलीम अलींचा जन्मदिवस लक्षात ठेवून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो.

मित्रांनो, आता काळ बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरवला आहे. नेमबाजीची हौस असेल, तर तिला चांगला मार्ग आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या समोरचे लक्ष्य निर्जीव होते. त्यात कोणाचा जीव गेला नाही.

छऱ्यांची बंदूक त्या काळी पुष्कळ मुलांकडे होती. त्या सगळ्यांचे सलीम अली झाले नाहीत. सलीमला मोठे केले ते त्याच्या प्रश्नाने, आणि त्या प्रश्नाला मान देणाऱ्या मामांनी. तेव्हा उद्या एखादे अनोळखी पाखरू दिसले, तर गलोल खाली ठेवा आणि त्याचा रंग, चोच, आवाज वहीत लिहून घ्या. नाव ठाऊक नसेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारा, शिक्षकांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल, तर मिळून शोधा. मामा-भाच्यांनीही तेच केले होते.