जमिनीवरच कर घ्या म्हणणारे हेन्री जॉर्ज

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या जिन्यात मुलं 'व्यापार' खेळत बसतात. तो 'मोनोपोली'चा देशी अवतार. मूळ खेळाचं पेटंट अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली घेतलं, आणि तेही हेन्री जॉर्ज यांचं म्हणणं लोकांना खेळातून कळावं म्हणून.

हे जॉर्ज १८३९ साली फिलाडेल्फियात जन्मले. चौदा वर्षांचे होण्याआधीच शाळा सुटली. मग जहाजावर नोकरी धरून मेलबर्न आणि आपलं कलकत्ताही पाहून आले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात खिळे जुळवायचं काम. १८६५ मध्ये दुसरं मूल झालं तेव्हा घरात खायला दाणा नव्हता. रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाकडे त्यांनी पाच डॉलर मागितले. त्याने दिले. नसते दिले तर आपल्या हातून काय घडलं असतं, याची त्यांना स्वतःलाच धास्ती वाटली होती.

काही वर्षांनी ऑकलंडजवळ घोड्यावरून फिरताना त्यांनी एका गाडीवानाला सहज जमिनीचा भाव विचारला. एकरी हजार डॉलर! तिथे तर नुसती गुरं चरत होती. मालकाने काही केलं नव्हतं, वस्ती वाढत होती म्हणून भाव. यातूनच १८७९ साली 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ झाला. इमारतीवर कर बसवला की लोक बांधकाम कमी करतात. जमिनीवर बसवला तर जमीन काही आटत नाही, उलट प्लॉट मोकळा अडवून ठेवणं परवडेनासं होतं. म्हणून बाकीचे कर काढा आणि फक्त जमिनीच्या मोलावर घ्या, हे त्यांचं सांगणं.

बँकेत व्हॅल्युअरचे रिपोर्ट वाचताना मी हेच पाहिलं. बांधकामाला घसारा, जमीन मात्र चढती. आपली इमारतही पंचवीस वर्षांत जुनीच झाली की, मग फ्लॅटची किंमत वाढली ती कशाची?

तरी सगळंच पटत नाही. जमिनीचं उत्पन्न कराने काढून घेताना मालकाला भरपाई नको, असं ते म्हणत. फंडाच्या पैशांतून एखादा प्लॉट घेतलेल्या पेन्शनराने काय करायचं?

१८८६ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहून ते दुसरे आले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिसरे होते! १८९७ ला तब्येत साथ देत नसताना, डॉक्टरांनी बजावूनही पुन्हा उभे राहिले. मतदानाला चार दिवस उरले असताना, २९ ऑक्टोबरला वारले. त्यांच्या जागी मुलाला उभं केलं, तो पडला.