हृदयाला कृत्रिम झडप देणारे अभियंता लोवेल एडवर्ड्स

हृदयाची निकामी झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसविण्याच्या शस्त्रक्रियेला दीर्घकालीन यश मिळवून देणाऱ्यांमध्ये माइल्स लोवेल एडवर्ड्स यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. विशेष म्हणजे ते डॉक्टर नव्हते, तर विद्युत अभियंता होते.

१८९८ साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जन्मलेल्या एडवर्ड्स यांना लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप आला होता. हा आजार हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. पुढे विमानांसाठी त्यांनी विकसित केलेले इंधन पंप दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यांच्या नावावर ६३ एकस्वे होती.

१९५८ साली, साठीच्या घरात असताना, संपूर्ण कृत्रिम हृदय तयार करण्याचा प्रस्ताव घेऊन ते पोर्टलँड येथील तरुण शल्यविशारद डॉ. अल्बर्ट स्टार यांना भेटले. स्टार यांनी प्रथम एका झडपेपासून सुरुवात करण्याचे सुचविले. नैसर्गिक झडपेसारख्या पाकळ्या असलेल्या रचना कुत्र्यांवरील प्रयोगांत रक्ताच्या गुठळ्यांमुळे अपयशी ठरल्या. त्यानंतर एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात वरखाली होणाऱ्या सिलिकॉन रबराच्या चेंडूची झडप तयार केली.

ऑगस्ट १९६० मध्ये ही झडप प्रथमच एका महिलेला बसविण्यात आली. झडपेचे कार्य सुरळीत होते. मात्र हृदयात राहिलेली हवा रक्तप्रवाहात शिरल्याने काही तासांतच त्या रुग्णाचा मृत्यू झाला. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. २१ सप्टेंबर १९६० रोजी ५२ वर्षांच्या एका पुरुषावर शस्त्रक्रिया झाली आणि तो बरा होऊन घरी परतला. अनेक वर्षांनी घर रंगविताना शिडीवरून पडून त्याचे निधन झाले. हृदयविकार त्याच्या मृत्यूचे कारण ठरला नाही.

सुरुवातीच्या सर्वच रुग्णांना असे यश लाभले नाही. गुठळ्यांचा धोका कायम असल्याने रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागत. काही झडपांतील चेंडू रक्तातील स्निग्ध पदार्थ शोषून फुगत किंवा तडकत. प्रत्येक अपयशाची नोंद घेऊन रचनेत व रबराच्या प्रक्रियेत सुधारणा करण्यात आल्या.

१९८२ साली एडवर्ड्स यांचे निधन झाले. तोपर्यंत स्टार-एडवर्ड्स झडपेने जगभरातील असंख्य रुग्णांना जीवदान दिले होते. २००७ साली तिचे उत्पादन थांबले असले, तरी झडप बदलूनही माणूस दीर्घकाळ जगू शकतो, हा विश्वास याच झडपेने वैद्यकक्षेत्राला दिला.