लेक्सिंग्टनचे पार्कर

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी एका घराण्याची गोष्ट लिहिते. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आले. इथून जवळच लेक्सिंग्टन गाव आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक तिथल्या मैदानावर झाली. इतिहासाच्या तासाला हे युद्ध आपण सनावळीसकट पाठ केलं होतं, पण त्या सकाळी गावकऱ्यांच्या पुढे उभा असलेला कप्तान जॉन पार्कर मला इथे आल्यावरच भेटला.

जॉनचा जन्म लेक्सिंग्टनचाच, 1729 सालचा. शेती आणि जोडीला लाकूडकाम हा त्याचा व्यवसाय. 1755 मध्ये लिडिया मूरशी लग्न झालं, सात मुलं झाली. तेव्हा मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती आणि गावोगावी मिलिशिया असे. हे पगारी सैन्य नव्हतं. गावातल्याच माणसांनी आपापली बंदूक घेऊन कवायतीला यायचं आणि आपला अधिकारी आपणच निवडायचा. लेक्सिंग्टनने जॉनला निवडलं, तेव्हा त्याच्या फुप्फुसात क्षय भिनू लागला होता.

18 एप्रिल 1775 च्या रात्री सुमारे 700 इंग्रज सैनिक बॉस्टनहून कॉनकॉर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघाले. वाट लेक्सिंग्टनवरून जात होती. पहाटे मैदानावर जॉनसोबत 77च्या आसपास माणसं होती. एवढ्या मोठ्या फौजेपुढे त्याने आपल्या लोकांना पांगायला सांगितलं, गोळी झाडू नका असंही बजावलं. काही दिवसांनी शपथेवर दिलेल्या जबानीत त्याने हे नोंदवलं आहे. पण गोळी सुटलीच. पहिली कोणी झाडली हे आजवर कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. आठ जण मेले. त्यात जॉनचा चुलतभाऊ जोनस पार्करही होता. त्याला संगिनीने मारलं. त्याच दुपारी इंग्रज सैन्य परतत असताना जॉनने उरलेल्या लोकांना गोळा करून त्याच रस्त्यावर त्यांना गाठलं. पुढे पाचच महिन्यांत, 17 सप्टेंबरला, क्षयाने तो गेला. वय 46. देश स्वतंत्र झालेला त्याने पाहिला नाही.

मला या यादीतलं एक नाव थांबवतं. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक होता. तो कृष्णवर्णीय होता आणि गावातल्याच एका कुटुंबाचा गुलाम होता. स्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या त्या रांगेत एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा होता. प्रिन्स पुढे युद्धातही लढला आणि नंतर मुक्त झाला. दक्षिणेत मात्र गुलामगिरी चालूच राहिली.

ते उरलेलं काम जॉनच्या नातवाने अंगावर घेतलं. थिओडोर पार्कर 1810 साली जन्मला, अकरा भावंडांत सर्वांत धाकटा. आजोबांना त्याने पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या दोन बंदुका घरात होत्या : एक त्यांची स्वतःची, दुसरी इंग्रज सैनिकाकडून मिळवलेली. घरची जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. 1830 मध्ये तो पायी केंब्रिजला गेला, हार्वर्डची प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाला. पण फी भरायला पैसे नव्हते. शेतात राबून, शाळेत शिकवून तो घरीच शिकला आणि 1836 मध्ये हार्वर्डमधूनच धर्मशास्त्राचं शिक्षण पूर्ण करून पाद्री झाला. आपल्यातल्या काहींना ही ओढाताण ओळखीची वाटेल.

1850 मध्ये पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कायदा कडक झाला. विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपं जॉर्जियातून निसटून बॉस्टनला आलं होतं. त्यांना पकडायला माणसं आली, तेव्हा थिओडोरने एलनला स्वतःच्या घरात लपवलं आणि शस्त्र हाताशी ठेवून प्रवचनं लिहिली. मग दोघांचं रीतसर लग्न लावून दिलं, आणि ते इंग्लंडला निघून गेले. पुढे अशाच दुसऱ्या प्रकरणात त्याच्यावर खटला भरला गेला. तो टिकला नाही. 1860 मध्ये इटलीत, फ्लॉरेन्सला, थिओडोरही क्षयानेच गेला. वय 49. देशभरातली गुलामगिरी 1865 मध्ये संपली. आजोबांसारखंच नातवालाही आपल्या लढ्याचं फळ दिसलं नाही.

पूर्वज शूर होता एवढं सांगून घराणं मोठं होत नाही. त्याच्या हातून राहिलेलं काम पुढच्या पिढीने ओळखलं आणि केलं, म्हणून पार्करांचं घराणं मला मोठं वाटतं. मैदानावर 1900 साली बसवलेला मिलिशिया-सैनिकाचा पुतळा आहे. लोक त्याला कप्तान पार्कर म्हणतात, पण जॉनचं एकही चित्र उपलब्ध नाही. तो चेहरा शिल्पकाराचा. बंदुका मात्र खऱ्या. थिओडोरने त्या मृत्युपत्रात राज्याला दिल्या आणि आज त्या बॉस्टनच्या विधानभवनात, सिनेटच्या सभागृहात लावलेल्या आहेत. कोणी इकडे येणार असाल तर एप्रिलमध्ये या. तिसऱ्या सोमवारी पहाटे त्या मैदानावर ही चकमक पुन्हा उभी करतात. थंडी असते, स्वेटर आणा. चहाचा थर्मास माझ्याकडे लागला.