द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०, मृत्यू : चीन, ९ डिसेंबर १९४२) हे चीन-जपान युद्धात जखमींची शुश्रूषा करणारे मराठी शल्यचिकित्सक होते.

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांच्या विनंतीवरून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात डॉ. अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी यांच्यासोबत कोटणीसही होते. ते चीनमध्ये असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले, तरी ते परतले नाहीत.

येनानमार्गे ते उत्तर चीनमधील गनिमी युद्धाच्या मुलखात गेले. तेथे स्थिर आघाडी नव्हती, त्यामुळे स्थिर रुग्णालयही नव्हते. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जाई आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह सारा संसार हलवावा लागे. नाकेबंदीमुळे औषधांचा सतत तुटवडा असे. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाने मरण पावले होते. त्यांच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. चिनी भाषा आत्मसात करून ते विद्यार्थ्यांना शिकवत व शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही लिहीत. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये आला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. पडद्यावरचा हा नायक प्रत्यक्षातील डॉक्टरापेक्षा भारतीयांना अधिक परिचित झाला. औषधांवाचून चाललेल्या रुग्णालयाची दैनंदिनी मात्र मागे पडली. पुढे १९६२ च्या युद्धाने मैत्रीची ही कथा भारतात अडचणीची ठरली.

चीनमध्ये ‘ख तिहुआ’ हे त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथून यांच्या समाधीबरोबरच त्यांचीही समाधी आहे. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. क्वो छिंगलान यांचे निधन २०१२ मध्ये झाले.